उघडायचं त्यानं, बांधायचं मी

मंगळवार, ४ मार्च

साडू गेला. म्हणजे जिवंत आहे, चांगला ठणठणीत आहे, फक्त माझ्या गॅरेजमधून गेला. हमरस्त्यावर ते काचेचं नवं वर्कशॉप झालंय ना, शर्यतीच्या गाड्यांचं, तिथे काल रुजू झाला. शनिवारी संध्याकाळी हात पुसत पुसत म्हणाला, "मी सोमवारपासून तिकडे जातोय." मी म्हटलं, "जा." अकरा वर्षं एकत्र काम केलं, त्याचा निरोप एवढाच.

हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सासरी मी थोरले, तो धाकटे. त्याचं स्थळ मीच सुचवलं होतं. तेव्हा तो माझ्याकडे नवा नवा होता आणि मला वाटलं, नात्यात आला की माणूस कायमचा हाताशी राहील. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं. दिवसभर बोलायला गॅरेजात तोच होता. आता कोणी नाही, म्हणून ही डायरी. कुण्या गिऱ्हाइकानं भेट दिलेली, कोरीच पडली होती.

टेबलावर दंतवैद्यबाईंच्या गाडीचं इंजिन आहे. बाई आठवडाभर लोकांचे दात काढतात आणि सुट्टीत डोंगराच्या रस्त्यावर शर्यतीत गाडी पळवतात. महिनाअखेरीला त्यांची शर्यत आहे. इंजिन साधं नाही. आतला प्रत्येक भाग मुद्दाम घडवून घेतलेला, कशावरही कंपनीचा आकडा नाही. शनिवारी धाकट्यानं ते उघडलं. उघडायचं त्यानं, बांधायचं मी, असं आमचं पहिल्यापासून. कागद पसरून त्यानं सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं, तेलकट, निळ्या पेनाचे फराटे ओढलेलं. सकाळपासून त्या मांडणीकडे बघून डोकं फिरत होतं. जणू तो आत्ता येऊन काम पुढे चालू करणार. शेवटी सगळं उचलून दोन टबांत टाकलं आणि पेट्रोलमध्ये घासघासून धुतलं. कागदाचा बोळा करून फेकला. आता सगळं चांदीसारखं चकाकतंय. माझ्या गॅरेजात माझी शिस्त.

गुरुवार, ६ मार्च

दगा दिलाय.

आज बांधायला घेतलं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्या पाच टोप्यांखाली फिरतो, कॅप म्हणतात त्या, पाचही हातात घेऊन उजेडात फिरवल्या. एकीवरही पंचाचा, हातोडीनं ठोकून मारलेला ठिपका नाही. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे ठिपके मारायचे, ही आमच्याकडची रीत. रॉडवर नाहीत, पिस्टनवर नाहीत. ह्या कॅप ब्लॉकवर, इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, घट्ट बसवूनच आतून घासलेल्या असतात. जिची जागा तिलाच, आणि जिची पुढची बाजू पुढेच. अदलाबदल झाली तर क्रँक आखडतो, बेअरिंग जळतं आणि भर वेगात इंजिन फुटतं. वर बसलेल्या माणसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

त्याला हे पक्कं माहीत आहे, आणि तरी एकही ठिपका मारला नाही. जाता जाता माझ्या मानेवर सुरी ठेवून गेला.

हिला सांगितलं. ही बँकेतून दमून आलेली, तरी लगेच म्हणाली, "धाकटे असं करणार नाहीत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी असं म्हटलं का? त्यांना फोन करून विचारा, एवढंच."

मी कशाला करू फोन? मी सासऱ्यांना केला. त्यांना म्हटलं, तुमच्या धाकट्या जावयाचे प्रताप ऐका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला बरं वाटलं.

रविवार, ९ मार्च

सासरी जेवायला होतो. तोही होता, नव्या वर्कशॉपचा कॉलरवाला शर्ट घालून. सुट्टीच्या दिवशी कोण घालतं कामाचा शर्ट? मेहुणी म्हणाली, "त्यांचे बाकीचे कपडे धुवायला टाकलेत." असेल.

सासरे खोदून खोदून विचारत होते. तिथली फरशी म्हणे पांढरी आहे. पांढऱ्या फरशीवर इंजिनाचं काम. हत्यारांना वेगळे कप्पे, प्रत्येकाला आपलं आपलं टेबल. सासूबाईंनी त्याला आग्रह करकरून वाढलं. मलाही वाढलं, पण विचारून.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "तिथं ठिपके मारायला वेगळा माणूस ठेवलाय का हो, धाकटे? इथं तुमचे हात दुखले वाटतं."

सगळे जेवायचे थांबले. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला त्याचा राग ओळखता येतो, डावी भुवई वर जाते. तो म्हणाला, "अहो थोरले, मी टेबलावर सगळं..."

"टेबलाचं मला सांगू नका. टेबल माझं आहे."

त्यानं भात कालवायला घेतला. हात धुताना माझ्या शेजारी उभा होता, तेव्हा हळूच म्हणाला, "कॅपच्या बाबतीत अडलात तर मला हाक मारा." मी नळ जोरात सोडला.

स्वयंपाकघरात दोघी बहिणींचं वाजलं. ही घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटतं तिला आता माझं पटलं असावं.

मंगळवार, ११ मार्च

रॉड लागले. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चार रॉड, चार त्यांच्या कॅप. प्रत्येक कॅप प्रत्येक रॉडवर बसवून बघितली आणि सांध्यावरून नख फिरवलं. जोडी चुकीची असेल तर नख अडखळतं, बरोबर असेल तर लोण्यावरून जावं तसं जातं. डोळे मिटूनच करत होतो. चौथी जोडी लागली तेव्हा मोठ्यानं म्हणालो, "बघ." गॅरेजात कोणी नव्हतं.

पिस्टनही मायक्रोमीटरनं मोजून ज्याच्या त्याच्या सिलिंडरला लावले. माणसावाचून काही अडत नाही.

गुरुवार, १३ मार्च

हमरस्त्यानं स्कूटरवरून गेलो. पान्यांच्या दुकानाला तोच रस्ता आहे. येतानाही तोच. मग आठवलं की गॅस्केटचं चिकटवण राहिलं, म्हणून पुन्हा गेलो.

काचेचं असल्यामुळे आतलं सगळं दिसतं. लोकांना दिसावं म्हणूनच केलंय. धाकटा एका इंजिनापाशी उभा होता आणि नवा मालक, त्याच्याहून वयानं लहानच असेल, त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगत होता. धाकटा हसत होता, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. माझ्याकडे तो गालातल्या गालात हसायचा. मी समजत होतो, त्याचं हसणंच तसं आहे.

आणि एक गोष्ट. इंजिन अर्धं बांधलेलं होतं. बोल्ट मापात कसायचा टॉर्कचा पाना त्याच्या हातात होता, मालकाच्या नाही.

सोमवार, १७ मार्च

दंतवैद्यबाई येऊन गेल्या. आल्या आल्या धुतलेल्या भागांकडे बघून म्हणाल्या, "वा, माझ्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ." मग म्हणाल्या, "माझे आकडे वाचता आले ना नीट?"

मी विचारलं, कुठले आकडे.

"अहो निळे. त्या शनिवारी सकाळी मी इथंच होते की. तुम्ही कुठे बाहेर गेला होतात. तुमचे साडू एकेक भाग काढत होते आणि मी पेनानं आकडा घालत होते. माझं अक्षर बरं म्हणाले. डॉक्टरच्या अक्षराला पहिल्यांदाच कोणी बरं म्हटलं. मी विचारलं, खिळ्यानं ठोकून का नाही करत, पुसणार तरी नाही. तर म्हणाले, ह्या पोलादाला ठोका मारायचा नाही, जिथं ठोका तिथूनच पुढे तडा जातो. मी म्हटलं, दाताचंही तसंच असतं."

मी म्हटलं, "हो. वाचता आले."

"मग शर्यतीपर्यंत होईल?"

"होईल."

त्या गेल्यावर रिकाम्या खोक्यावर बसून राहिलो. पेट्रोलचा टब कोपऱ्यात तसाच होता. तळाशी गाळ बसलाय, काळसर निळा.

ठोका मारायचा नाही, हे तो मागे कधीतरी म्हणाला होता खरं. शर्यतीच्या इंजिनांबद्दल काहीतरी वाचून आला होता. मी म्हटलं होतं, तू उघड, बाकीचं माझ्यावर सोड.

मंगळवार, १८ मार्च

कोणाला सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? आकडे परत येणार आहेत का? इंजिन नीट बांधून दिलं की विषय संपला. कोणी विचारणारही नाही.

क्रँकच्या पाच कॅपपैकी पुढची, मधली आणि मागची मापावरून लागल्या. दुसरी आणि चौथी राहिल्या. जुळ्या बहिणींसारख्या आहेत. अशा लावा, तशा लावा, गेज तेवढंच दाखवतं. माझं गेजही आता म्हातारं झालंय, आणि माझे डोळे त्याच्याहून.

शुक्रवार, २१ मार्च

बेअरिंग घालून, बोल्ट कसून क्रँक फिरवला. फिरतो. पण एका जागी किंचित जड होतो, झोपेत कूस बदलताना माणूस कण्हतो तसं. दुसऱ्या कोणाला जाणवणार नाही. दंतवैद्यबाईंना तर नाहीच. कदाचित नवं बेअरिंग आहे म्हणून असेल. चाललं की मोकळं होईल.

असं मी माझ्या मनाला सकाळपासून चार-पाच वेळा सांगितलं.

संध्याकाळी घर अगदी शांत होतं. एरवी ही बँकेतून आली की बहिणीचा फोन, तासभर. भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता, एकीकडे हसणं चालू. मला त्या फोनचा वैताग यायचा. म्हटलं, "आज फोन नाही का?"

ही म्हणाली, "बाबांकडे जेवायला गेलो होतो, त्या दिवसापासून नाही." आणि आत गेली.

मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. ह्या घरात तरी धाकट्याचं गुणगान बंद झालं, असं. आता वाटतं, हिला बहिणीची आठवण येते आणि ती तोंड पाडून सगळ्यांना दिसेल अशी बसू शकते. काही माणसांना तेवढीही सोय नसते.

शनिवार, २२ मार्च

हिला सांगून टाकलं. ही इस्त्री करत होती. टब, पेट्रोल, निळे आकडे, दंतवैद्यबाई, सगळं. वाटलं होतं चिडेल. हिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "मग आता धाकट्यांना सांगा."

"सांगणारच आहे."

"कधी?"

"इंजिन झालं की."

"इंजिन झाल्यावर सांगितलंत तर ती फुशारकी होईल. आज सांगितलंत तर चूक कबूल केल्यासारखं होईल." मग शर्ट उलटा करत म्हणाली, "आणि बाबांनाही तुम्हीच फोन करायचा. मी नाही करणार."

सासऱ्यांना लगेच केला. ते फक्त "बरं" म्हणाले. ते "बरं" मला पुरून उरलं.

सोमवार, २४ मार्च

काचेच्या वर्कशॉपात गेलो. दारातच एक मुलगी बसते. तिनं विचारलं, "कोणाला भेटायचंय? काय काम आहे? बसा." माझ्या साडूला भेटायला मी सोफ्यावर ताटकळत बसलो. समोर टेबलावर गाड्यांची मासिकं. फरशी खरंच पांढरी आहे.

तो बाहेर आला. "बोला." सासरी अहो-जाहो ठीक आहे. गॅरेजात आम्ही कायम अरे-तुरे, तेलाच्या हातांनी अहो-जाहो जमतच नाही. आणि इथे हा मला "बोला" म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर उभं राहून मी सांगितलं. खाली बघूनच सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या मंगळवारी दुपारी किल्ली द्यायला आलो होतो. तुम्ही पाठमोरे बसून टबात ब्रश घासत होतात, तावातावानं. टेबल रिकामं होतं. म्हटलं, आता बोललो तर भांडण होईल. किल्ली खिळ्याला अडकवून गेलो."

"मग त्या रविवारी बोलला का नाहीस?"

"बोलायला लागलो होतो. तुम्ही बोलू दिलं नाहीत. आणि मग वाटलं, बाबांसमोर कशाला. तुम्ही थोरले."

म्हणजे दोन आठवडे हा सगळ्या घरात दगाबाज म्हणून वावरला, बायकोची तिच्या बहिणीशी बोलाचाली बंद झाली, आणि ह्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही, कशासाठी तर सासऱ्यांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. माझ्या पोटात इतकं दुखलं की काय सांगू. निदान मोठेपणा तरी माझ्याकडे राहू द्यायचा होता.

मी विचारलं, "गेलास का? खरं सांग."

त्यानं काचेतून आतल्या पांढऱ्या फरशीकडे बघितलं. "अकरा वर्षं मी इंजिनं उघडली. बांधलं एकही नाही. सुरुवातीला तुम्ही म्हणायचात, शिकशील तेव्हा. मग म्हणायचंही सोडलंत."

मला वाटत होतं, त्याला उघडायलाच आवडतं. त्याच्याइतकं स्वच्छ इंजिन कोणी उघडत नाही, हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचो. त्याच्यासमोर नाही सांगितलं कधी. डोक्यात हवा जाते.

निघताना म्हटलं, "क्रँक एका जागी जड होतो. बाईंना तसं देववत नाही मला." मग म्हटलं, "रविवारी ये. तू बांध."

"रविवारी शर्यत आहे त्यांची. उद्या संध्याकाळी येतो, काम सुटल्यावर."

मंगळवार, २५ मार्च

आला. शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर उभा राहिला आणि म्हणाला, "दिवा दे."

मी दिवा दिला. त्यानं माझ्या सगळ्या कॅप सोडल्या, क्रँक उचलून बाजूला ठेवला, बेअरिंग बाहेर काढली, कॅप नुसत्याच हातानं जागेवर बसवल्या आणि दिवा आडवा धरला, अगदी सांध्याजवळ. म्हणाला, "इथं बघ. घासल्याच्या बारीक रेघा दिसतात का? ब्लॉकवरून निघून कॅपवर गेल्या पाहिजेत, न तुटता."

मला दिसेनात. त्यानं माझा चष्मा ओढून घेतला, बनियनला पुसला आणि परत दिला. मग दिसल्या. दुसऱ्या कॅपवर रेघा सरळ चढत होत्या. चौथीवर सांध्यापाशी आल्या आणि तिथेच संपल्या.

"बाकीची ओळ तू बरोबर लावलीयेस," तो म्हणाला. "फक्त ही एक उलटी आहे. पाठ पुढे आलीय."

त्यानं ती फिरवली. रेघा जुळल्या. मी तशीही लावून बघितली असती, पण मी जागाच बदलत बसलो, तोंड नाही बदललं.

मग तो बांधायला लागला. मी खोक्यावर बसून हातात एकेक भाग देत होतो, तेल लावून. पाना मागितला की पाना. अकरा वर्षं हे त्यानं केलं आणि मला कधी वाटलं नाही की ह्यात कंटाळा असतो. त्याचा हात माझ्यासारखा नाही. मी बोल्ट कसताना दात आवळतो. तो प्रत्येक बोल्ट कसून झाला की दोन बोटं त्यावर ठेवतो, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावीत तशी, आणि मग पुढचा घेतो. हे त्याला कोणी शिकवलं? मी नाही. मला बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

शेवटी क्रँक फिरवला. दोन बोटांनी. कुठेही अडला नाही.

"आता तू फिरव," म्हणाला.

मी फिरवला. म्हटलं, "ठीक आहे."

घरी आलो तर ही फोनवर होती. जेवण माझं मीच वाढून घेतलं.

रविवार, ३० मार्च

डोंगरावर गेलो होतो, चौघं. दोघी बहिणी मागच्या सीटवर बसून वाटभर बोलत होत्या, साचलेलं सगळं एका दिवसात संपवायचं असल्यासारख्या. धाकटा गाडी चालवत होता. मला कोणी विचारलं नाही, तू चालवतोस का म्हणून.

खालून गाडी दिसत नाही, नुसता आवाज येतो. दंतवैद्यबाई सुटल्या आणि आवाज वळणावळणानं वर चढत गेला. मध्ये कड्याआड गेला की मी आकडे मोजायला लागायचो, पुन्हा निघाला की थांबायचो. धाकटा डोळे मिटून उभा होता. बाई पाचव्या आल्या. मागच्या वेळी त्यांना वरपर्यंत पोचताच आलं नव्हतं.

काचेच्या वर्कशॉपचा मालकही तिथं होता, चार लोकांना सांगत होता, "हे इंजिन आमच्या माणसानं बांधलंय." धाकट्यानं ऐकलं, पण मान वळवली नाही. अकरा वर्षं मी सांभाळला आणि आमचा माणूस तो ह्याचा. मी पुढे झालो. काय बोलणार होतो माझं मलाच माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते असं:

"बांधलंय त्यानंच. तुमच्याकडून काम सुटल्यावर, माझ्या गॅरेजात येऊन. मी हाताखाली होतो."

मालक म्हणाला, "असं का." धाकट्याची डावी भुवई वर गेली, पण ती रागाची नव्हती. मेहुणीनं हिला कोपरानं ढोसलं.

बाई खाली आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं. आम्ही दोघं वाकलो, तो एका बाजूनं, मी दुसऱ्या. इंजिन संथ चाललं होतं. तो म्हणाला, "काय वाटतं?"

मी बराच वेळ ऐकलं. काहीतरी सापडावं असं मनापासून वाटत होतं. म्हटलं, "चांगलं आहे."

बाईंनी विचारलं, पुढच्या हंगामात गाडी कुठे आणू. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ह्याला विचारा." तो म्हणाला, "बघू." उत्तर मला आवडलं नाही, पण तेच खरं आहे. तो परत येणार नाही. तिथं त्याचं स्वतःचं टेबल आहे.

घरी येईपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत होती. आत्ता झोपायच्या आधी लिहून टाकतो. तेच इंजिन, तेच भाग, तीच कॅप सरळ बसवून मी बांधलं असतं, तर असं वाजलं असतं का?

नसतं.

हे मी हिला सांगणार नाही. त्याला तर नाहीच.